खुंटाची फुलं

हेझल फोर्क
१९ ऑक्टोबर १९८६

लुसेटा,

आधी खोकं उघड. पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. आत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला फुटवा आहे, तुझ्या आईच्या अझेलियाच्या झुडपाचा. मुळं सुकू देऊ नकोस.

तू हा किती वेळा मागितलास आणि अर्व्हिल किती वेळा नाही म्हणाला, ते तुलाही आठवतं आणि मलाही. भाऊबहिणीतलं भांडण म्हणून मी, त्याच्या बायकोनं, बाजूला राहायला हवं होतं. राहिले नाही. "डोंगर सोडून गेलेल्यांनी डोंगरातलं काही मागू नये," हे वाक्य माझं होतं, त्याचं नव्हतं. त्याच्या अंत्यविधीला तू मागच्या बाकावर बसलीस आणि न जेवता डेटनला परत गेलीस, तेव्हा घरभर लोकांनी आणलेलं जेवण होतं आणि मला एक घास गिळवला नाही. त्याला दीड वर्ष झालं. पत्र लिहायला एवढा वेळ लागला, याचीही लाज वाटते.

आता लावायचं कसं ते. खड्डा खोल नको, रुंद हवा. अझेलियाची मुळं वरवर पसरतात, खोल पुरलं की गुदमरतात. मुळांचा गोळा जमिनीच्या बोटभर वरच राहू दे. सकाळचं ऊन, दुपारी सावली. ओकचा कुजलेला पाला मातीत मिसळ आणि वर पाइनच्या सुया पसर. बुंध्याभोवती कुदळ चालवायची नाही, तण हातानं उपट. चुना अजिबात नको. तुमच्याकडची जमीन चुनखडीची असते असं पुस्तकात वाचलं, म्हणून सोबत पिशवीभर इथली माती पाठवते आहे. पोस्टातला मुलगा हसला. म्हणाला, "ऑर्लीना मावशी, ओहायोत माती संपली का?"

हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काटक्या उरतील, तेव्हा मेलं समजून उपटू नकोस. टोकाला फुगीर कळ्या आहेत त्या फुलांच्या. छाटायचं असेल तर फुलं गळल्यावर लगेच, नंतर नाही. उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात.

अर्व्हिल दर वसंतात गुडघ्यांवर बसून हे फुटवे मुळापासून काढून टाकायचा. मला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, "हे झाडाची ताकद खातात." आईच्या झाडाची एवढी काळजी घेणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. तो गेल्यावर ते काम कुणी केलं नाही, म्हणून तर तुला हा पाठवता आला.

पुढच्या जूनमधल्या दुसऱ्या रविवारी नेहमीसारख्या कबरी सजवायच्या आहेत. आलीस तर बरं वाटेल. आता या घराण्याची म्हणून तू एकटीच उरली आहेस, आणि मी तर बाहेरून आलेली.

ऑर्लीना


१७ नोव्हेंबर

लुसेटा,

तुझं कार्ड मिळालं. "पोहोचलं. लावलं. एल." एवढंच. तुमच्या घराण्यात शब्द पुरवून वापरायची पद्धत आहे, मी तक्रार करत नाही. चुलीजवळच्या खिळ्याला लावून ठेवलं आहे.

ऑर्लीना


१७ मे १९८७

लुसेटा,

तुझं पत्र काल आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग भांडी घासत बसले, स्वच्छ होती तीसुद्धा.

तू लिहितेस, "आईचं झाड लालभडक फुलायचं आणि त्याला कधी वास नव्हता. मी त्याच्याखाली वाढले. हे पिवळं आलं आहे आणि शेजारपाजारपर्यंत मधासारखा वास जातो. कुठलं तरी दुसरंच झुडूप उपटून पाठवलंस आणि वर मला लावायला शिकवलंस. मेलेल्या माणसाचा हट्ट तू पुढे चालवते आहेस."

मी ते माझ्या हातांनी खणलं, लुसेटा. तुझ्या आईच्या झाडाच्या बुंध्याशी, पावसात, गुडघ्यांखाली पोतं घालून. तुला फसवायला मला कष्ट कशाला हवे होते? न पाठवणं जास्त सोपं होतं. इतकी वर्षं तेच तर केलं.

तू अर्व्हिलला काय वाटेल ते बोललीस, ते मी ऐकून घेतलं. मला खोटारडी म्हणू नकोस.

ऑर्लीना


२१ मे

लुसेटा,

मागच्या पत्राची भाषा कडक झाली. माफ कर.

मी पुस्तकात पाहिलं. जमीन बदलली की फुलांचा रंग बदलतो असं दिसतं. तुमच्याकडचा चुना, पाणी, कारखान्यांची हवा, यानं तसं झालं असेल. वासही त्यामुळेच आला असेल. एखाददुसरं वर्ष जाऊ दे, मूळ रंगावर येईल.

इथे सगळं ठीक आहे.

ऑर्लीना


२७ मे

लुसेटा,

मागचं पत्र जाळून टाक. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं.

झालं ते असं. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यातच आमच्याकडे उघडीप पडली होती. मी स्वयंपाकघरात होते. शेजारची हॅसी ओढ्याच्या पलीकडून हाका मारत आली. तुला तिचा आवाज आठवत असेलच, अजून तसाच आहे, दोन कोंबड्या भांडल्यासारखा.

"अगं ए ऑर्लीना! अत्तर लावायला लागलीस की काय? या वयात कुणासाठी?"

"शेणाची पाटी उचलून आले आत्ता. कसलं अत्तर?"

"मग मधाची बरणी फुटली असेल. रस्त्यापर्यंत वास येतोय."

आम्ही दोघी वासाचा माग काढत गेलो. झाडावरच्या जुन्या फांद्यांच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या, ते नेहमी जून लागता लागता फुलतं. पण बुंध्याभोवती जे फुटवे आले होते, ते पिवळेजर्द फुलले होते. हॅसीनं फूल तोडून केसांत खोवलं. तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणाली, "कॉर्डीच्या झाडाला म्हातारपणी चळ लागला." आणि हसत गेली.

मी हसले नाही, पण काही समजलंही नाही. डोंगरावर पिवळं असतं, शेंदरी असतं, लालही असतं. मी मनाची समजूत घातली. मग तुझं पत्र आलं. सतरा तारखेला मला खोटारडी म्हणू नकोस असं तुला लिहिलं, तेव्हा मी खरंच लिहीत होते. पत्र पेटीत टाकून परत आले आणि त्या वासातून चालत जावं लागलं. दारापर्यंत पोहोचेतो ती समजूत टिकली नाही.

गुरुवारी वाचनालयाची गाडी आली. अझेलियाचं जाड पुस्तक मी मागच्या वर्षीच एकदा नेलं होतं, पण लावणीची पानं वाचून परत केलं होतं. या वेळी कलमांचा भाग वाचला. अडले ते शब्द कोशात पाहिले. रोपवाटिकेतली पानगळीची अझेलिया पुष्कळदा दुसऱ्याच खुंटावर बांधलेली असतात. खुंट दूरदेशच्या एका पिवळ्या, वासाच्या जातीचा असतो, कारण तो दणकट. वर बांधलेलं झाड कुठल्याही रंगाचं असो, जमिनीखालून जे फुटतं ते खुंटाचं. ते वेळच्या वेळी काढलं नाही तर वरच्या झाडाला खाऊन टाकतं.

मी बाहेर जाऊन बुंध्याजवळची माती हातानं बाजूला केली. जमिनीलगत गाठ आहे, मुठीएवढी, तिरकी. खालची साल वेगळी, वरची वेगळी. नाशपातीचं असो की सफरचंदाचं, कलमाचा सांधा ज्यानं एकदा पाहिला आहे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. माझ्या बापाची सफरचंदाची बाग होती.

तुझ्या आईनं ते झाड लग्नाच्या वर्षी डोंगरमाथ्यावरून ओल्या पोत्यात घालून घोड्यावरून आणलं होतं. डोंगरमाथ्यावर कुणी कलमं बांधत नाही.

म्हणजे हे तिचं झाड नाही. बाजारातून आणलेलं आहे. आणि दर वसंतात फुटवे कुणाच्या नजरेला पडायच्या आत कोण काढत होतं, ते मीच तुला कौतुकानं लिहिलं आहे.

हे सगळं कळल्यावर मी काय केलं, तेही सांगते. कात्री आणून पिवळी फुलं सगळी कापली आणि पाल्याच्या ढिगाखाली पुरली. शेजारच्या कुणी पाहू नये म्हणून. मग हात धुतले आणि तुला ते चुन्याचं आणि कारखान्यांच्या हवेचं पत्र लिहिलं. हातांचा वास तरी गेला नव्हता.

तू खरं बोललीस. मी तुला खोटं पाडलं. मला वाटलं मी माझ्या नवऱ्याचं नाव राखते आहे. पण नाव त्याचं होतं आणि आई तुझी होती, हे माझ्या डोक्यात उशिरा आलं.

ऑर्लीना


३ जून

लुसेटा,

तुझं उत्तर नाही, आणि ते मागायचा मला हक्कही नाही. पण अर्धंच सांगून थांबणं म्हणजे पुन्हा लपवणंच.

रस्ता रुंद झाला आणि जुनं घर पाडावं लागलं, त्या वर्षी मी वसंतापासून थंडी सुरू होईतो टेनेसीत होते, माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात. परत आले तेव्हा अझेलिया नव्या घराच्या अंगणात होतं, पानं गळलेलं आणि निम्म्याहून लहान. अर्व्हिल म्हणाला, "हलवताना छाटावं लागलं." मी आईला पुरून आले होते. झाडाकडे नीट पाहिलंही नाही.

त्या वेळी इथे कोण होतं याचा विचार करता करता हॅसीचा नवरा थर्मन आठवला. ट्रक त्याचाच होता. काल मी त्याच्याकडे गेले. तो व्हरांड्यात बसून कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. आता त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे आपण ओरडतो आणि तोही ओरडतो.

"थर्मन, कॉर्डीच्या झाडाचं काय झालं?"

त्यानं मान वर केली नाही. "विचारायला पंचवीस वर्षं लागली तुला?"

"मला माहीत नव्हतं, तर विचारू काय?"

"मेलं ते." मग बराच वेळ दांडा ठोकत बसला. "सोन्यासारखं काढलं होतं आम्ही. एवढा मोठा गोळा, साखळी लावून. मग यानं कमरेएवढा खड्डा खणला, वाऱ्यानं पडू नये म्हणून. आणि चुना टाकला. तंबाखूच्या शेताला टाकतो तसा, हात सैल सोडून."

"चुना? अझेलियाला?"

"तंबाखूला चालतो, गवताला चालतो, कोबीला चालतो. आपण इथे ज्याच्यावर जीव असेल त्याला चुना घालतो. त्याला काय माहीत! पानं पिवळी पडली तेव्हा त्याला वाटलं कमी पडला, म्हणून आणखी टाकला."

लुसेटा, आमच्या घरात तोवर ते झाड कधी कुणी खुरपलंही नव्हतं. ते आपलं आपण वाढायचं. अर्व्हिलनं त्याची काळजी घेतली, म्हणून ते मेलं.

थर्मन म्हणाला, ऑगस्टपर्यंत काटक्या कडकड मोडायला लागल्या. मग अर्व्हिलनं ट्रक मागून घेतला आणि दोघं पलीकडच्या जिल्ह्यातल्या रोपवाटिकेत गेले. अझेलियाचा मोसम नव्हता, फुलं नव्हती. अर्व्हिलनं त्या माणसाला रंग समजावून सांगितला. चुलीच्या धुरांड्याची वीट तापते तेव्हा आतून दिसते ना, तसा म्हणाला. माणसानं एक काढून दिलं. पुढच्या जूनपर्यंत त्याला शांत झोप नव्हती, थर्मन म्हणाला. फुललं आणि रंग जुळला, तेव्हा तो थर्मनकडे येऊन पायरीवर नुसता बसून राहिला.

मी विचारलं, "तू का सांगितलं नाहीस मला?"

"शपथ घेतली होती माझ्याकडून. मी म्हटलं होतं त्याला, बहिणीला सांगून टाक, चार शिव्या देईल आणि विसरेल. तर म्हणाला..." आणि इथे थर्मननं कुऱ्हाड उचलून धार बघायला घेतली. दोनदा ओरडून विचारावं लागलं.

तो काय म्हणाला ते लिहावं की नाही, यावर मी रात्रभर विचार केला. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. खरं सांगायचं तर थोडं त्यासाठीही लिहिते आहे, आणि त्याचीही मला लाज वाटते.

तो म्हणाला, "आईला वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही म्हणून तिला मीच मारलं, असं लुसेटा आधीच म्हणते. आता झाडही मारलं म्हणून सांगू?"

ते तू कॉर्डीच्या अंत्यविधीच्या दिवशी बोलली होतीस. मी तिथे होते. रागात बोललीस, दुःखात बोललीस. मला वाटलं होतं त्यानं ते ऐकून सोडून दिलं. तो कुणाला काही बोलायचा नाही, म्हणून त्याला काही लागत नाही असं आपण सगळ्यांनी धरलं.

तुझ्या अंगणातलं पिवळं उपटून टाक हवं तर. ते तुझ्या आईचं नाही आणि अर्व्हिलनं निवडलेलंही नाही. कुणाचंच नाही ते.

या रविवारनंतरच्या रविवारी कबरी सजवायच्या. दर वर्षी मी कॉर्डीच्या कबरीवर या झाडाच्या फांद्या ठेवते आणि सगळे म्हणतात, बघा, कॉर्डीचं झाड कॉर्डीला भेटायला आलं. या वर्षी काय करावं मला कळत नाही.

ऑर्लीना


१६ जून

लुसेटा,

तू न सांगता आलीस आणि चहासुद्धा न घेता गेलीस, तेव्हा जे बोलायचं होतं ते पुन्हा पत्रातच आलं.

शनिवारी अंगणात ओहायोची नंबरपाटी दिसली तेव्हा मी पिठाचे हात पाठीमागे लपवले, जणू चोरी करताना पकडले गेले. तू मला बघितलंही नाहीस. सरळ झाडाकडे गेलीस. ते ऐन बहरात होतं. वाकलीस, वास घेतलास, वास नव्हता. मग खाली बसून मी उघडी ठेवलेली ती गाठ अंगठ्यानं चाचपलीस. मला वाटलं, आता उठशील आणि बोलशील, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली होती.

तू म्हणालीस, "रंग मात्र हुबेहूब आणला गाढवानं."

आणि कात्री मागितलीस. मी दिली. फांद्या बादलीत घालून त्या रात्री तू हॅसीकडे झोपायला गेलीस, माझ्याकडे नाही. मला वाईट वाटलं, पण ते मी कमावलेलं होतं.

रविवारी टेकडीवर सगळे होते. मी माझ्या मनानं ठरवून रिकाम्या हातांनी आले होते. थरांचा केक तेवढा आणला होता, सुक्या सफरचंदांचा. तू आधी आईच्या कबरीवर तुझी कागदी गुलाबं ठेवलीस, मेणात बुडवलेली, पूर्वी ती स्वतः करायची तशी. मग बादली उचललीस आणि सगळ्या फांद्या अर्व्हिलच्या कबरीवर आडव्या घातल्यास. एकही बाजूला ठेवली नाहीस.

आणि हॅसी गप्प राहील तर ती हॅसी कसली?

"लुसेटा, डोळे गेले का तुझे? कॉर्डी त्या बाजूला आहे."

"माहीत आहे. तिला पुरलं तेव्हा मी इथेच होते."

"मग तिच्या झाडाची फुलं पोराच्या अंगावर का?"

"ज्याची आहेत त्याला दिली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू बघितलं नाहीस. तू मान वळवून दगडावरचं शेवाळ नखानं काढत होतीस. तू मला वाट करून दिलीस की अडकवलंस, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणाले, "ते कॉर्डीचं झाड नाही. कॉर्डीचं मेलं. हे अर्व्हिलनं विकत आणलेलं आहे, आणि ते त्यानं आपल्यापैकी कुणालाच सांगितलं नाही."

पंचवीस वर्षं ज्यांनी "कॉर्डी भेटायला आली" म्हटलं होतं, ती सगळी तोंडं समोर होती. तेवढ्यात थर्मनला वाटलं, कुणीतरी त्याला काही विचारलं.

"चुन्यानं!" तो ओरडला. "चुन्यानं मेलं! मी त्याला सांगत होतो!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग धर्मगुरू म्हणाले की कोंबडी गार होते आहे. आणि बायका टेबलांकडे वळल्या. एवढंच झालं. मी ज्या गोष्टीला इतकी भ्याले, तिला लोकांनी पाच मिनिटं दिली आणि मग शेंगांच्या आमटीत मीठ कमी आहे यावर बोलायला लागले. त्यांच्यापुरतं ते संपलं. माझ्यापुरतं नाही.

तू गाडीत बसल्यावर काच खाली करून विचारलंस, "तुला त्याचा राग नाही आला?"

मी म्हणाले, "नाही. बिचारा घाबरला होता."

तू मान हलवलीस आणि गेलीस. "डॉक्टरवरून मी त्याला तसं बोलायला नको होतं," हे तू मला म्हणाली नाहीस, आणि मी ते तुझ्या तोंडून काढून घेणार नाही. तू त्याच्या कबरीजवळ किती वेळ उभी होतीस ते मी पाहिलं आहे.

पण मी तुला दिलेलं उत्तर खोटं होतं. आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हे पत्र.

मला राग येतो, लुसेटा. झाड मेलं याचा नाही. चुन्याचा नाही. तुला त्यानं फसवलं, त्याचाही थोडाच. तो इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपला. मी त्याचे मोजे शिवले, त्याच्या पाठीला तेल चोळलं, शेवटच्या आठवड्यात त्याला चमच्यानं सूप पाजलं, आणि तो मला एवढं सांगू शकला नाही. थर्मनला सांगितलं. ट्रक होता म्हणून थर्मनला सांगितलं! माझ्याकडे ट्रक नव्हता. मी असं काय केलं असतं असं त्याला वाटलं? मी हसले असते? तुला कळवलं असतं? आणि मग मनात येतं, डोंगर सोडून गेलेल्यांबद्दलचं माझं ते वाक्य त्यानंही ऐकलं होतं. ज्या बाईच्या तोंडून असं वाक्य येतं, तिला कोण आपली चूक सांगेल?

हे इथे कुणाशी बोलता येत नाही. चर्चमधल्या बायका मला म्हणतात, "किती जपायचा तो तुला." हॅसीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ओढ्याच्या दोन्ही काठांना कळेल. मेलेल्या नवऱ्यावर चिडलेली म्हातारी बाई कुणाला बघवत नाही. पण तू त्याला गाढव म्हणालीस, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की ज्याच्याबद्दल बोलणं चाललं आहे तो माणूस मी ओळखते.

ऑक्टोबरमध्ये ये. या वेळी माझ्या घरी उतर, पलंग तयार ठेवते. माफ केलंस असं म्हणायची गरज नाही, आणि मीही म्हणणार नाही. नुसती ये आणि चुलीशी बस. त्याच्यावर मनापासून चिडता येईल इतकं त्याला ओळखणाऱ्या आता आपण दोघीच उरलो आहोत.

ऑर्लीना